वाचकांचे प्रश्न : पॅरा एसएफ की मराठा पलटण?

प्रश्न : बारावी झाली. पॅरा स्पेशल फोर्सेसमध्येच जायचं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो तर ती वाट बंद होईल का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : अजिबात नाही, बाळा. पॅरा एसएफ म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरणारे लष्कराचे कमांडो, आणि ती स्वेच्छेची वाट आहे. कुठल्याही पलटणीतला जवान त्यासाठी नाव देऊ शकतो. २१ पॅरा एसएफ ही तर मुळात २१ मराठा लाइट इन्फंट्री होती, १९९६ साली तिचं रूपांतर झालं.

पण आधी अग्निवीर भरतीची ऑनलाइन लेखी परीक्षा, मग १.६ किलोमीटरची धाव आणि पुल-अप्स. तिथे गणितात नापास होणारी दणकट पोरं पाहून माझा जीव तुटतो. अभ्यास सोडू नकोस.

अग्निवीराची सेवा चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात, हे घरच्यांना आजच सांग.

पॅराच्या प्रोबेशनमध्ये, म्हणजे निवडीच्या खडतर चाचणीकाळात, बहुतेक जण गळतात आणि मूळ युनिटला परततात. त्यात कमीपणा नाही. आग्र्याला पॅराशूटने पाच उड्या मारून विंग्ज (छातीवरचा पंखांचा बिल्ला) मिळतात खऱ्या, पण खरा कस त्याआधीच्या उपाशी, अर्धवट झोपेच्या रात्रींत लागतो.

आणि मराठा पलटणीत गेलास तर तिथेही घातक प्लाटून, म्हणजे पलटणीतल्या निवडक जवानांची तुकडी, आहे. हल्ल्यात सगळ्यांत पुढे तीच असते. मी स्वतः बेळगावच्या मराठा प्रशिक्षण सेंटरमध्ये घडलो, म्हणून ठामपणे सांगतो : आधी उत्तम पायदळ सैनिक हो.

– एक निवृत्त सुभेदार