जेट बोटचं इंजिन थ्रॉटल दिला की तापतं, मेकॅनिक हेड उघडायचं म्हणतो. उघडू द्यावं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सोळा फुटी, एका इंजिनाची जेट बोट, गोव्यात शिवोलीपासून शापोरा नदीच्या मुखापर्यंत, मोरजीच्या बाजूने फिरवता. आयडलला काटा जागेवर असतो, थ्रॉटल वाढवला की थोड्या वेळात टेम्परेचरचा अलार्म वाजतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढतात, पण बोट पूर्वीसारखी पळत नाही. मेकॅनिकच्या मते हेड गॅस्केट (सिलिंडरवरच्या झाकणाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) गेलंय.

हेड उघडू देऊ नका, एवढ्यात तरी नाही. आरपीएम चढतात आणि बोट पळत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण खरी खूण तीच आहे. गॅस्केट गेलं तर इंजिनाची ताकद कमी होते, आरपीएमसुद्धा पूर्ण चढत नाहीत. इथे उलटं होतंय. इंजिन मोकळं फिरतंय आणि इम्पेलरला (जेट पंपातल्या, पाणी मागे फेकणाऱ्या पात्यांच्या चाकाला) पाण्याची पकड मिळत नाहीये.

छोट्या जेट बोटींत बहुधा इंजिनासाठी पाण्याचा वेगळा पंप नसतो. बोटीला ढकलणारा जो जेट पंप, त्यातलंच थोडं पाणी दाबाने एका होजमधून इंजिनाकडे जातं. पंपात दाब तयार झाला नाही तर एकाच वेळी दोन गोष्टी होतात: बोट मंदावते आणि इंजिन तापतं. म्हणून मी इंजिनाचं कव्हर उघडण्याआधी बोटीखाली डोकं घालतो. बेतीला आमच्याकडे तापलेल्या म्हणून येणाऱ्या जेट बोटींत बऱ्याच जणींचं दुखणं तळाच्या, पंपात पाणी घेणाऱ्या जाळीतच सापडतं.

पाण्यात असताना अलार्म वाजला तर आधी थ्रॉटल खाली, मग नांगर, मग इंजिन बंद. मुखाजवळ ओहोटी लागलेली असेल तर नांगर टाकल्याशिवाय इंजिन बंद करू नका, बोट पाहता पाहता बाहेर समुद्राकडे जाते. इंजिन बंद झालं की ओढ थांबते आणि जाळीला चिकटलेली पिशवी किंवा शेवाळ कधीकधी आपोआप गळून पडतं. रिव्हर्स मारून कचरा निघेल असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. रिव्हर्समध्ये मागची बादली फक्त झोत पुढे वळवते, पंप फिरतो त्याच दिशेला. उलट कचरा आणखी आत ओढला जातो.

पिशवी निघाली आणि बोट पुन्हा पळाली तर प्रश्न मिटला. नाही मिटला तर बोट ट्रेलरवर घ्या. हात घालण्यापूर्वी किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायरही सोडा. आता टॉर्च घेऊन जाळीतून वर बघा. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा शाफ्टला (इम्पेलर फिरवणाऱ्या दांड्याला) गुंडाळला गेला तर इम्पेलरच्या अगदी पुढ्यात बसतो आणि पारदर्शक असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शाफ्ट हाताने हळू फिरवा आणि हाताचं बोट टेकवून बघा. काचेसारखं गुळगुळीत, थोडं फुगलेलं कडं लागलं तर तो दोराच. आकडीच्या सुरीने शाफ्टला समांतर काप द्या. गुंडाळलेला दोरा ओढून सुटत नाही.

दोरा नसेल तर इम्पेलरची धार आणि भोवतीची वेअर रिंग (झिजणारं कडं) तपासा. मला तुमच्या बाबतीत याचाच दाट संशय आहे, कारण तुम्ही मोरजीच्या बाजूने जाता. तिथे मुखावर वाळूचे पट्टे आहेत, ओहोटीला पाणी गुडघाभर होतं. बोटीखाली तीन फुटांपेक्षा कमी पाणी असताना थ्रॉटल दिला की जेट पंप वाळू ओढतो. ती वाळू रिंग खरवडते, इम्पेलर आणि रिंग यांतली फट वाढते आणि पाणी पुढे जाण्याऐवजी त्या फटीतून मागे फिरतं. ही फट मिलिमीटरच्या आतच असायला हवी, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सगळीकडून मोजा, एका जागी मोजून थांबू नका. रिंगेत नखाला लागेल एवढी चर पडली असेल तर रिंग बदला. हेडच्या कामापुढे हा खर्च काहीच नाही. खडक लागून पाती वाकली असतील तर मात्र इम्पेलरही काढून दुरुस्तीला द्यावा लागेल.

पंप ठणठणीत निघाला तर मग पाण्याची वाट तपासायची. इथे तुमचं इंजिन कोणत्या पद्धतीचं आहे हे कळायला हवं. यामाहाच्या जेट बोटींत बाहेरचंच पाणी इंजिनातून फिरतं. सी-डूच्या रोटॅक्स फोर-स्ट्रोक इंजिनात कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) आतल्या आत फिरतो आणि तळाच्या प्लेटमधून गार होतो, बाहेरचं पाणी एक्झॉस्टसाठी लागतं. दुसऱ्या प्रकारात आधी कूलंटची पातळी बघा (इंजिन गार असताना, गरम झाकण उघडू नका) आणि तळाच्या प्लेटला कालवं, बार्नकल लागलेत का ते पाहा. लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, छिन्नी चालवू नका.

पहिल्या प्रकारात शत्रू म्हणजे वाळू आणि खार. खारं पाणी साधारण 60 अंशांच्या वर तापलं की त्यातला कॅल्शियमचा थर आतून धरायला लागतो. त्यामुळे आयडलला पुरेसं वाटणारं पाणी फुल थ्रॉटलला कमी पडतं. पंपाकडून येणारा होज इंजिनाच्या बाजूने सोडा आणि त्या होजमधून उलट्या दिशेने, पंपाकडे, पाणी सोडा. आधी वाळू येईल, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. होज हाताने दाबूनही बघा. जुना होज आतून सोलवटतो, बाहेरून नवा दिसतो. थर असेल तर पांढरा व्हिनेगर आत भरून काही तास ठेवा आणि गोड्या पाण्याने धुवा. बाथरूम धुवायचं ॲसिड घालण्याचा सल्ला जेटीवर हमखास मिळेल. घालू नका, ॲल्युमिनियमचं इंजिन आहे, ते ॲसिड थराबरोबर इंजिनही खातं.

फ्लश करताना (होज जोडून, नळाच्या गोड्या पाण्याने इंजिन आतून धुताना) क्रम चुकवू नका: आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग काही सेकंदांनी इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. (इंजिनावर स्वतंत्र पंप असलेल्या मोठ्या इनबोर्डचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल पाहा.) आणि पाण्याविना इंजिन ट्रेलरवर चालवायचं तर काही सेकंदच.

पावसाळ्यात बोट बाहेर काढून ठेवली होती का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ठेवली असेल तर बाजूची पाणी बाहेर पडणारी छोटी भोकं तारेने टोचून बघा. जून ते सप्टेंबर अशा भोकांत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात उतरते, तिथून पिचकारी येत नाही आणि दोष थर्मोस्टॅटवर (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेवर) जातो.

थर्मोस्टॅट तुमच्या मॉडेलमध्ये असेल तर पातेल्यात पाणी घेऊन थर्मामीटरसकट गरम करा, त्यावर छापलेल्या तापमानाला उघडायला हवा. सेन्सर खोटं बोलतोय का हे इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडवर टिपून कळतं. खाऱ्या हवेत सेन्सरच्या कनेक्टरला हिरवा गंज धरतो, नुसता साफ केला तरी पुष्कळदा काम भागतं.

एवढं करूनही तापत असेल तर मेकॅनिकला बोलवा, पण त्याच्याकडून आधी पुरावा मागा. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ झालंय का? कूलंटच्या टाकीत इंजिन चालू असताना सतत बुडबुडे येतात का? कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (सिलिंडरमधला दाब मोजण्याच्या चाचणीत) शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवतात का? यातलं काही असेल तरच हेड उघडा आणि नवीन गॅस्केट बसवण्याआधी हेड मशीन शॉपमध्ये पाठवून सपाट आहे का ते तपासून घ्या. तापून वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही.