फळ्यावर कळतं, वहीत येत नाही

“मॅडम, सर फळ्यावर सोडवतात तेव्हा सगळं कळतं. घरी न्युमरिकल घेऊन बसले की पहिली ओळच सुचत नाही.”

अकरावी सायन्सची मुलगी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मार्क नव्वदीच्या पुढे. आता फिजिक्सच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ६. शेजारी आई. त्यांची काळजी निराळी होती : “क्लास बदलू, की सायन्सच सोडायला लावू?” हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकते.

मानसशास्त्राकडे वळण्याआधी माझं बी.एस्सी. फिजिक्समध्ये झालं. म्हणून धीर देत बसण्यापेक्षा वहीच मागितली. सूत्रांची यादी चार रंगांत, बघत राहावी अशी. त्याखाली एक उदाहरण : ५० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, थांबलेली लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघते, तर काटा त्याला किती बलाने वर ढकलतो? तिचं उत्तर ३९० न्यूटन. वस्तुमान गुणिले (जी वजा ए); जी म्हणजे गुरुत्वत्वरण, ए म्हणजे लिफ्टचं त्वरण.

“वजा का?”

“यादीत तेच आधी होतं.”

यादी मिटवायला लावली. “लिफ्ट वर निघते तेव्हा पायांना काय वाटतं?”

“जड.”

उभ्या माणसाचं वजन ४९० न्यूटन, जी ९.८ धरून. तिचं उत्तर त्याहून शंभराने कमी. ती स्वतःच्याच आकड्याकडे बघत राहिली.

मग चित्र काढायला सांगितलं. लिफ्ट नको, दोर नको, फक्त माणूस आणि त्याच्यावर लागणारी बलं. तिने तीन बाण काढले : खाली वजन, वर काट्याचा रेटा, आणि वर आणखी एक, ‘एमए’ (वस्तुमान गुणिले त्वरण) लिहिलेला. हा तिसरा बाण मला जवळजवळ प्रत्येक वहीत भेटतो. मी एवढंच विचारलं, “हा कोण लावतंय?”

“लिफ्ट.”

“लिफ्ट माणसाला शिवते कुठे?”

“काट्यातूनच.” थोडं थांबून तिने तो बाण खोडला. ज्या बाणाला मालक नाही, तो बल नाही. ‘एमए’ म्हणजे बलांची बेरीज केल्यावर जे उरतं ते. त्याची जागा बरोबरच्या चिन्हापलीकडे. वरची दिशा अधिक धरली, रेटा वजा ४९० बरोबर ५० गुणिले २. रेटा ५९० न्यूटन. किलोत वाचला तर साठाच्या किंचित वर.

“आणि तुझे ३९० वाया गेलेले नाहीत,” मी म्हटलं. वर जाणारी लिफ्ट मजला आल्यावर तेवढ्याच दराने हळू होते, तेव्हा रेटा बरोबर ३९० असतो. तिने अचूक उत्तर काढलं होतं, फक्त न विचारलेल्या प्रश्नाचं.

आईंना आत बोलावून सांगितलं, क्लास बदलू नका, सायन्स सोडायचा विचार तर आत्ता नकोच. सोडवलेलं उदाहरण वाचताना ‘हो, बरोबर’ वाटणं आणि कोऱ्या पानावर सुरुवात करणं ही दोन वेगळी कामं आहेत. तिचा सगळा सराव पहिल्याचाच झालाय. तिला म्हटलं, रोज वीस नको, दोनच कर. उत्तराचा भाग कागदाने झाक. चित्र, बाण, प्रत्येक बाणाचा मालक, कोणती दिशा अधिक, आणि उत्तर साधारण किती यावं याचा अंदाज. सूत्र त्यानंतर. अडलीस तर कागद एकच ओळ खाली सरकव. (आईंना वीसचे दोन झालेले फारसे पटले नाहीत, चेहऱ्यावर दिसत होतं.)

दीड महिन्याने ती एकटीच आली. कप्पीवरून गेलेला दोर, एका टोकाला ३ किलो, दुसऱ्याला २. दोरातला ताण तिने आधी २९.४ न्यूटन लिहिला होता आणि स्वतःच काट मारली होती. शेजारी पेन्सिलीने : ‘ताण वजनाइतकाच असेल तर ३ किलोचा ठोकळा खाली का निघेल?’ त्याखाली नवं उत्तर, २३.५.

“चाचणी?” मी विचारलं.

“पुढच्या सोमवारी,” म्हणाली आणि वही पिशवीत टाकून निघाली.