झोंबींच्या कादंबऱ्या काहीजण अर्ध्यात का टाकतात आणि काहींना त्यांचं वेड का लागतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मेलेली माणसं उठून जिवंतांना चावत सुटतात अशी एक कादंबरी तुमच्या मित्रानं मधेच बंद केली, तुम्ही मात्र ती एका रात्रीत संपवली, आणि घरचे म्हणतात की हे वाचणं म्हणजे डोक्याला ताप. मित्राचं काळीज कच्चं आणि तुमचं घट्ट, असा अर्थ कृपा करून काढू नका. अर्ध्यात टाकणारा वाचक बऱ्याचदा ते पुस्तक जास्त मनावर घेऊन वाचत असतो. मी कोल्हापुरात सासऱ्यांनी सुरू केलेलं छोटं वाचनालय चालवते आणि नेमक्या या मुद्द्यावर माझं माझ्याच माणसांशी भांडण झालेलं आहे, म्हणून एवढं लिहितेय.

आधी तिसऱ्या प्रकारच्या वाचकाबद्दल सांगते, कारण तो सगळ्यात जास्त भेटतो. "रक्त वाहत नाही तर मढं चालतं कसं?" आणि "आपल्यात तर जाळतात, मग उठणार कोण?" हे दोन प्रश्न तो विचारणारच. सगळे जाळत नाहीत. आमच्याच जिल्ह्यात लिंगायत पुरतात, मुसलमान आणि ख्रिस्ती पुरतात. आणि अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या 1968 च्या सिनेमापासून या गोष्टींमध्ये कबरीची गरजच उरलेली नाही, नुकता मेलेला माणूसही उठतो. ही कल्पना मुळात जिथली, त्या कॅरिबियनमधल्या हैती देशातल्या मांत्रिकाचा झोंबी वेगळा होता, तो दुसऱ्याच्या हुकमाचा गुलाम. आताच्या झोंबीला कुणी मालक नाही. तो आला की आपण काय करणार, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. स्नायू कसे हलतात यावर अडून बसणारा वाचक त्या प्रश्नाला सामोराच जात नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी वाचनकट्टा भरतो. 2019 च्या पुरानंतरच्या हिवाळ्यात मी तिथं मॅक्स ब्रूक्सचं 'वर्ल्ड वॉर झी' सांगायला घेतलं. पुस्तक 2006 चं, इंग्रजी. मी घरी वाचायचे आणि कट्ट्यावर आपल्या भाषेत सांगायचे. हेच का निवडलं, तर ते एका नायकाची गोष्ट नाही. संकट संपल्यावर जगभरच्या माणसांनी दिलेल्या जबान्या आहेत. कुणी सैनिक, कुणी डॉक्टर, कुणी साधा नोकरदार. प्रत्येकाला थोडंच दिसलेलं, तेवढंच तो सांगतो. आणि त्या हिवाळ्यात कोल्हापुरात सगळे असंच बोलत होते. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 च्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, उपसा केंद्रं बुडालेली, त्यामुळं चौफेर पाणी आणि नळ कोरडे. चहाच्या टपरीवर उभं राहिलं तरी कुणीतरी आपली जबानी सुरू करायचा.

पुस्तकात एक भाग अलंगचा आहे, गुजरातमधल्या जहाजतोडणीच्या किनाऱ्याचा. मागून मेलेले येतायत आणि माणसं पाण्यात उतरून जहाजं गाठायला बघतायत. तो भाग मी सांगत होते तेव्हा चिखलीकडचा एक सभासद उठला आणि चप्पल घालून निघून गेला. तरुण गडी, घरी दुधाचा धंदा, एरवी पुढच्या रांगेत बसून प्रश्न विचारणारा.

आमच्या कट्ट्यावर एक ज्येष्ठ सर आहेत. निवृत्त शिक्षक, मला लेकीसारखं मानतात आणि त्या हक्कानं बोलतातही. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, बघितलंस? आधीच पुरात पोळलेला पोरगा. हे परक्यांचं भय आहे, ते आपल्या माणसांच्या मनात कशाला घालतेस?" बऱ्याच माना डोलल्या. मी म्हटलं, तो परत येईल. सर म्हणाले, येणार नाही, आणि आला तरी हे पुस्तक बंद कर.

तो आला. लगेच नाही, पण आला. कट्टा सुरू व्हायच्या आधीच येऊन टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, ह्या असल्या गोष्टीत सगळी गाडीत बसून पळत्यात. कुणाचीच म्हस कशी न्हाई?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण मी तेवढ्या इंग्रजी कादंबऱ्या वाचून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मग त्यानं सांगितलं. पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा बोट आली, बोटीत फक्त माणसं घेणार होते. वडील म्हणाले, जनावरं सोडून मी हलत नाही. शेवटी यानं स्वतः विळ्यानं दावी कापली. "एक म्हस बोटीमागनं पव्हत आली बरंच लांब. आबा मागं बघत हुते, मी न्हाई बघितलं." अलंगच्या पाण्यातली माणसं ऐकताना त्याला तेच आठवलं होतं. हे त्यानं घरात कुणाशी बोललेलं नव्हतं. त्या दिवशी कट्ट्यावर मी पुस्तक उघडलंच नाही, तो बोलला आणि बाकीचे ऐकत राहिले. पुढच्या शनिवारी त्यानंच विचारलं, पुढं काय झालं त्या जहाजांचं?

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. झोंबीला कुणी घाबरत नाही. या गोष्टींत एक जागा हमखास येते: आपल्या माणसाला झोंबी चावलाय, म्हणजे आता तेही झोंबी होणार, तर त्याला सोडायचं की थांबायचं? ज्यानं आयुष्यात कधी कुणाला मागं सोडलंय तो तिथं अडखळतो. ज्याच्यावर ती वेळ आलेली नाही तो भराभर पानं उलटतो. दोन्ही वाचन खरंच आहे. आणि लांबलचक मालिका असेल तर राग वेगळ्याच कारणानं येतो. रॉबर्ट कर्कमनच्या 'द वॉकिंग डेड' या झोंबींच्या कॉमिक्स मालिकेच्या शंभराव्या अंकात, 2012 साली, सुरुवातीपासूनचा लाडका ग्लेन मारला गेला तेव्हा वाचक भयंकर चिडले. इतकी वर्षं सोबत चाललेला माणूस होता तो. तो राग खोटा कसा म्हणायचा?

सरांचा दुसरा मुद्दा, की असल्या वाचनानं मन पोखरतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं 2011 मध्ये झोंबी आले तर काय तयारी ठेवाल, अशा नावाखाली माहिती प्रसिद्ध केली. आतला मजकूर वादळ-पुराचाच होता: माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी, औषधं, कागदपत्रं, कुठं जमायचं ते ठिकाण. ती वाचायला एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ बंद पडलं. वादळाची नेहमीची यादी एवढ्या लोकांनी वाचली असती का? आमच्या कट्ट्यावरही त्या पुस्तकाच्या निमित्तानं अशी यादी निघाली, त्यात वैरण आणि जनावरं हलवायची उंचावरची जागा वर लिहिली गेली. 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला तेव्हा त्या पोरानं पाणी यायच्या आधीच जनावरं पाहुण्यांकडं नेऊन बांधली होती. पुस्तकामुळं नेली असं मी म्हणत नाही, एकदा पोळलेलं घर तसंही शहाणं होतं. पण पोखरलेल्या मनाचा माणूस असं वागत नाही, हे मी सरांना तोंडावर सांगितलंय.

कोविडच्या पहिल्या लाटेत एक पाहणीही झाली होती, 2021 मध्ये छापून आली. भयपटांचे शौकीन त्या काळात मनानं कमी खचलेले दिसले, आणि झोंबी किंवा जगबुडीच्या सिनेमांचे शौकीन तयारीतही पुढं होते. त्यात माणसं 310 होती आणि सगळं त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं होतं, तेव्हा त्यावर फार भार टाकू नका.

तुमच्या मित्राला "का सोडलंस" असं विचारू नका, चिडेल. कुठल्या पानावर सोडलंस ते विचारा. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर मात्र त्याला हे पुस्तक परत देऊ नका, निदान वर्षभर तरी. लहान पोरांनाही नको. हे आधी लिहायला हवं होतं, पण असो.

तुम्ही पुढं काय वाचावं हेही विचारलंय. 'वर्ल्ड वॉर झी'च घ्या, जबान्या सुट्या आहेत, कुठंही थांबता येतं. 2013 च्या सिनेमावरून त्याचं मत बनवू नका. त्यात जबान्यांची ती रचनाच नाही, एकच नायक विमानानं देशोदेशी फिरतो. आमच्या सरांनी तो सिनेमा टीव्हीवर बघितला होता आणि पुस्तकाचं पानही उघडलं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं. वादाच्या दिवशी सांगितलं असतं तर त्याच दिवशी पुस्तक त्यांच्या हातात दिलं असतं. अजूनही देईन, कपाटात त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय.