गोळीला विचार

कुपवाड, सांगली

पोरी,

रविवारी तू लॅपटॉप उघडून, आर्गॉन वायूच्या झोतावर गोळी तरंगत ठेवायच्या एकाच नोझलची सिम्युलेशनमधली तीन उत्तरं दाखवलीस. प्रवाहातल्या खळबळीचा, म्हणजे टर्ब्युलन्सचा, अंदाज बांधणाऱ्या के-एप्सिलॉन मॉडेलचं एक, के-ओमेगा एसएसटी मॉडेलचं दुसरं, टर्ब्युलन्स मॉडेल बंद ठेवून तिसरं. "काका, यातलं खरं कुठलं?" विचारताना तुझा चेहरा उतरला होता. मी चहाच्या नादात काहीतरी गोलमोल बोललो. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

खरं कुठलं ते गोळीला विचार.

तुझी अ‍ॅल्युमिनाची (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची) गोळी २ मिलिमीटरची. वजन साधारण १६.५ मिलिग्रॅम, म्हणजे तिला तोलून धरायला ०.१६ मिलिन्यूटन जोर लागतो. गोळीवरचा दाब आणि घर्षण यांची बेरीज तिन्ही मॉडेलांत किती येते? आणि त्याच प्रवाहाला खरी गोळी तरंगते का? साठ रंगीत चित्रं काढलीस, पण वायूचा प्रवाह मोजणारा रोटामीटर लावून एकदाही मोजलं नाहीस. राग आला मला, खरं सांगतो.

राग तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त. २००९ साली एका गिऱ्हाइकासाठी हवेची नोझल करायची होती. सिम्युलेशन बाहेरून करून आणलं. झोत सरळ, चित्र देखणं. लेथवरचा माणूस म्हणाला, "साहेब, एक पीस आधी फुंकून बघू." मालकाला घाई होती. मी ड्रॉइंगवर सही केली. चाळीस पीस निघाले आणि सगळ्यांचा झोत तिरका. नोझलच्या घशाशी, म्हणजे अरुंद भोकाशी, बारीक बर (कापताना उरलेली धातूची धार) राहिली होती. नखाला लागायची, डोळ्याला दिसत नव्हती. कॉम्प्युटरमधला घसा मात्र गुळगुळीत गोल. दोन दिवसांचा पगार कापला गेला तो त्या लेथवाल्याचा, आणि मी गप्प बसलो. मी नोकरमाणूस होतो हे खरं, पण सही माझी होती. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी कागद पुढे सरकवत नाही. लोक हेकट म्हणतात. म्हणू देत.

सिम्युलेशन सोडून दे असं मी म्हणत नाही. उलट त्याला नीट कामाला लाव. मॉडेलमध्ये गोळी ०.१ मिलिमीटर बाजूला सरकव. जोर तिला मध्याकडे ढकलतो की आणखी बाहेर? थोडी वर उचल. उचलणारा जोर कमी व्हायला हवा. तो वाढत असेल तर ती गोळी उडून जाणार. नोझलच्या शंकूचा कोन ठरवायचा तो यावर, रंगांवर नाही. मेश, म्हणजे हिशोबासाठी पाडलेली जाळी, दुप्पट बारीक करून आकडे हलतात का तेही बघ. आणि स्टेडी, म्हणजे प्रवाह वेळेनुसार बदलत नाही असं धरून, सोडवून डुलणं शोधू नकोस. त्यात सरासरी मिळते, गोळी काही सरासरीत डुलत नाही. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये तिचे हेलकावे मोज आणि वेळेनुसार सोडवलेल्या उत्तराशी ताडून बघ.

लेसरने गोळी वितळवायची घाई नको. अ‍ॅल्युमिना २०५० अंशांच्या आसपास वितळतं; तिथवर पोचेतो गोळीलगतचा आर्गॉन विरळ झालेला असतो, चिकटपणा वाढलेला असतो. थंड गोळीवर आकडे जुळले नाहीत तर तापलेल्या गोळीवर काय जुळणार? आधी मोज. परत सांगतो, आधी मोज.

पितळेचा रॉड आणून ठेवलाय. येत्या रविवारी सकाळी ये, एक नोझल टर्न करू, घसा भिंगाखाली बघू. गोळ्या आणि रोटामीटर घेऊन ये. सिलेंडर माझ्याकडे आहे.

तुझा,
काका