वॅगनआरनंतरची गाडी

सातारा,
नोव्हेंबर २०२५

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. वॅगनआर काढून महिंद्राची एक्सयूव्ही ७०० किंवा तिच्या तोलाची सात आसनी गाडी घ्यावी का, असे तू विचारले आहेस आणि त्यावर माझे उत्तर ‘घ्यावी’ असेच आहे. घरात सासू-सासरे, तुम्ही दोघे आणि दोन मुले अशी सहा माणसे असताना दर गणपतीला कोणी तरी दोघांनी चिपळूणला एस.टी.ने मागून यायचे, हे आता पुरे झाले. मात्र तुझ्या पत्रातले एक वाक्य मला खटकले. ‘पंधरा वर्षांची जुनी गाडी इतकी विश्वासू निघाली, तर नवी कोरी गाडी किती निर्धास्त असेल’, असे तू लिहिले आहेस. हे पत्र मी मुख्यतः त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे.

तुझी २०११ ची वॅगनआर विश्वासू आहे, याचे अर्धे श्रेय तिच्या साधेपणाला आणि अर्धे तुला आहे. ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, टर्बो नाही, हाताने टाकायचे गिअर, आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळणारे सुटे भाग, असा तो सगळा मामला आहे. क्लच कुठे धरतो, थंडीत पहिला सेल्फ किती लांबतो आणि कोणती खडखड दुर्लक्ष करण्याजोगी आहे, हे तुला न बघता कळते. नव्या गाडीत टर्बोचार्जर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डझनभर संगणकी नियंत्रक, काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमागचा रडार असेल. ती सारखी बिघडेल असे मी म्हणत नाही; पण बिघडली तर पाटणच्या नाक्यावरचा मेकॅनिक बॉनेट उघडून तुझ्याकडे बघत उभा राहील. तेव्हा तिच्याबरोबर येणारे जाडजूड पुस्तक तू आणि तुझ्या यजमानांनी पहिल्याच आठवड्यात वाचावे. निदान कोणता लाल दिवा लागला की जागच्या जागी थांबायचे आणि कोणता पिवळा दिवा लागला की सावकाश वर्कशॉपपर्यंत जाता येते, एवढे तरी दोघांना तोंडपाठ असले पाहिजे. वॉरंटी वाढवून घ्यायची असेल तर ती खरेदीच्या वेळीच घ्यावी आणि सर्व्हिसिंगची एकही तारीख चुकवू नये, कारण पुढे दावा नाकारताना पहिले बोट नेमके तिथेच ठेवले जाते.

आता मापांकडे येतो. तुझी गाडी सुमारे ३.६ मीटर लांब आणि जेमतेम दीड मीटर रुंद आहे. एक्सयूव्ही ७०० ची लांबी ४.६९५ मीटर आणि रुंदी, बाजूचे आरसे न धरता, १.८९ मीटर आहे. तुमच्या सोसायटीत दोन खांबांमध्ये अडीच मीटर अंतर असेल तर आज तुला दोन्ही बाजू मिळून एक मीटर मोकळा मिळतो, उद्या त्यातले साठ सेंटिमीटर उरतील. म्हणजे गाडी अगदी मधोमध लागली तरी प्रत्येक दाराला एक वीत आणि वर चार बोटे, आणि एवढ्या फटीतून तुझ्या सासऱ्यांना उतरता यायचे नाही. टेप घेऊन खाली जा आणि खांबांपासून खांबांपर्यंत स्वतः मोजून बघ. शेजाऱ्याची स्कूटर, भिंतीवरचा पाण्याचा पाइप, रॅम्पचे वळण, हे सगळे त्यात धर. तुमची जागा यांत्रिक स्टॅक पार्किंगमध्ये असेल तर फळीवर लिहिलेली वजनाची आणि उंचीची मर्यादा आधी वाच. अनेक जुन्या यंत्रणा सेडानच्या हिशेबाने बसवलेल्या असतात आणि पावणेदोन मीटर उंचीची गाडी त्यांत शिरत नाही. तीच गोष्ट चिपळूणच्या घराची. तुमच्या वाडीत शिरताना दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे आहेत, हे मी पाहिले आहे. गाडी रस्त्यावर ठेवून सामान डोक्यावरून न्यायची तयारी असेल तर काहीच अडचण नाही, पण ती तयारी आहे की नाही हे आताच ठरवा.

सात आसनांच्या हिशेबात बहुतेक कुटुंबे फसतात आणि तुमच्या बाबतीत तो हिशेब विशेष किचकट आहे. तिसऱ्या रांगेत जाण्यासाठी मधल्या रांगेतले आसन दुमडून, वाकून आत शिरावे लागते. तुझ्या सासूबाईंचे गुडघे ते करू देणार नाहीत, म्हणून दोघे ज्येष्ठ मधल्या रांगेत आणि मुले मागे, अशी मांडणी तू मनात केली असशील. पण तुझा धाकटा तीन वर्षांचा आहे. त्याला बालआसन हवे, आणि ते पक्के बसवण्याचे आयसोफिक्सचे आकडे बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेच्या कडेच्या जागांनाच असतात. एकदा तिथे बालआसन बसवले की ती खुर्ची दुमडत नाही, आणि त्या बाजूने मागे जायची वाट बंद होते. मग धाकटा आणि आजी मधल्या रांगेत, आणि आजोबा मोठ्या मुलीबरोबर तिसऱ्या रांगेत गुडघे छातीशी घेऊन बसलेले, असे चित्र तयार होते! मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेली सहा आसनी गाडी घेतली तर दोन खुर्च्यांमधल्या फटीतून आठ वर्षांची मुलगी सहज मागे जाईल, एवढा मार्ग निघतो. तरी आजोबांच्या जागेचा प्रश्न उरतोच. माझ्या मते आजोबांनी पुढे चालकाशेजारी बसावे आणि तुम्हा दोघांपैकी जो गाडी चालवत नसेल त्याने मुलीबरोबर तिसरी रांग पत्करावी. तरुण पाठीला चार-पाच तास ते सोसते.

हे कागदावर ठरवू नका. शोरूममध्ये सगळ्या सहा जणांना घेऊन जा, स्वतःचे बालआसन बरोबर न्या आणि ते तिथे बसवून बघा. सासूबाईंना नेसत्या साडीत तीन वेळा चढायला आणि उतरायला लावा; उंबरा वॅगनआरपेक्षा बराच उंच असतो आणि चढताना हाताला धरायला मूठ कुठे आहे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाही कळणार नाही. तिसरी रांग उभी ठेवून डिकी उघडा आणि तुमच्या घरातल्या खऱ्या बॅगा आत ठेवून बघा. दोन मध्यम बॅगांनंतर जागा संपली तर दचकू नका, या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची तीच कथा आहे. टपावर कॅरियर लावायचा झाल्यास पुस्तकातली वजनाची मर्यादा पाळावी, कारण उंच गाडीच्या डोक्यावर ठेवलेले प्रत्येक किलो वळणावर जाणवते.

इंधनाबद्दल माझे मत स्पष्ट आहे, डिझेल घेऊ नकोस. तुझे रोजचे चालवणे म्हणजे मुलांची शाळा, भाजी, क्लास आणि आठवड्यातून दोनदा हिंजवडी. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी बसवलेली असते. ती जाळी साफ होण्यासाठी इंजिन चांगले तापून गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते घडत नाही, जाळी तुंबते, दिवा लागतो आणि मग केवळ ती मोकळी करण्यासाठी महामार्गावर चक्कर मारावी लागते. शिवाय महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के वाहनकर आहे, तर त्याच किमतीच्या डिझेल गाडीला १४ टक्के. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याला डिझेल परवडते, तुला नाही. तुंबलेल्या रहदारीत खरी बचत हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली गाडी करते. तशा इनोव्हा हायक्रॉसची चाचणी एकदा घेऊन बघायला हरकत नाही, फक्त किंमत ऐकायच्या आधी पाणी पिऊन घे.

पैशांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तुझ्या यजमानांनी तक्ता केलेलाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत असलेल्या दरावरून सरळ ४० टक्क्यांवर आला, हे खरे, आणि त्यामुळे या वर्षी हा विचार करणे रास्तच आहे. तक्त्यात चालवण्याचा खर्च मात्र कमी धरलेला दिसतो. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले, तर लिटरला पंधरा किलोमीटर देणारी वॅगनआर ८०० लिटर पेट्रोल पिते. शहरात नऊचा हिशेब देणारी मोठी पेट्रोल ऑटोमॅटिक १,३३० लिटरच्या पुढे जाईल. शंभर रुपये लिटर धरले तरी हा फरक वर्षाला ५३ हजारांचा आहे. अठरा इंची टायरची जोडी बदलताना वॅगनआरच्या पूर्ण संचाएवढे पैसे सहज जातील. कर्ज सात वर्षांचे घेऊ नका. पंधरा लाखांवर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ३१ हजारांच्या आसपास बसतो आणि सात वर्षांचा २४ हजारांच्या, पण दोन वर्षे लांबवण्याचे एकूण दीड लाखाहून अधिक मोजावे लागतात. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर एक पायरी खालचे मॉडेल घ्या. काचेचे छप्पर नसले म्हणून कोणाचे अडत नाही, आणि आपल्या उन्हात ते बहुधा पडदा लावून झाकूनच ठेवावे लागते.

माझी सारी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे आता जे लिहितो ते जरा अधिकाराने लिहितो. तू कुंभार्ली घाट वॅगनआरने कितीदा तरी उतरली असशील. नवी गाडी भरल्यावर तिचे वजन जवळजवळ दुप्पट असेल. त्याच वेगाला थांबताना ब्रेकना दुप्पट ऊर्जा गिळावी लागते. ते ब्रेक मोठे असतात, पण सतत दाबून ठेवले की तेही तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटत जाते. आमचे जुने चालक ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरत असत. ऑटोमॅटिक गाडीतही हे करता येते: निवडदांडा मॅन्युअलवर घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवायचा आणि ब्रेक अधूनमधून, ठाम दाबून सोडायचा. सहा माणसे आणि सामान घेऊन निघताना चालकाच्या दाराच्या खांबावरची पट्टी वाचून टायरची हवा भरलेल्या गाडीच्या आकड्यावर न्यावी; हे फार थोडे लोक करतात.

दुसरी गोष्ट पुढच्या आंधळ्या जागेची. उंच बसल्यामुळे लांबचे छान दिसते, पण रुंद आणि उंच बॉनेटच्या लगेच पुढचे दिसत नाही. सोसायटीच्या अंगणात मुले खेळतात. गाडी आली की एका रविवारी बंपरसमोर पाण्याची बादली ठेव, चालकाच्या जागी बस आणि यजमानांना ती बादली दिसू लागेपर्यंत मागे सरकवायला सांग. मग उतरून ते अंतर पावलांनी मोज. ते पाहिल्यावर निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारायची सवय तुला आपोआप लागेल.

स्वयंचलित ब्रेकच्या आणि लेन सांभाळण्याच्या सोयीवर अवलंबून घाटात जाऊ नकोस. ती यंत्रणा कॅमेऱ्याने रस्त्यावरचे पट्टे वाचते, आणि आपल्या घाटांत पट्टे पहिल्या पावसातच धुऊन जातात. शहरात दुचाकी अचानक समोर घुसली तर ती जोरात ब्रेक मारू शकते, आणि मागच्याला त्याची कल्पना नसते. आधी मोकळ्या रस्त्यावर तिचा स्वभाव बघून घे. एक्सयूव्ही ७०० ला २०२१ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, हे तू लिहिलेस ते बरोबर आहे, परंतु चाचणीतले पुतळे पट्टा बांधलेले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा ते ज्या गाडीत होते ती काही साधी नव्हती. मागच्या आसनावर त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. तेव्हा सासऱ्यांनी कितीही कुरकुर केली तरी सहा पट्टे लागल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही.

राहता राहिली वॅगनआर. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२६ मध्ये संपतात. त्यानंतर तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांचे नूतनीकरण होते, पण ग्राहक ते सगळे किमतीतून कापून मागेल, म्हणून मुदतीच्या आतच विकावी. शोरूमचा बदली भाव आणि बाहेरचा भाव दोन्ही काढ. कोणालाही दिलीस तरी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून भागत नाही; आरटीओच्या नोंदीत नाव बदललेले स्वतः पाहिल्याशिवाय तो विषय संपला असे समजू नकोस. नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलेले आहे. जुना फास्टॅगही बंद कर.

विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे पत्र मात्र मागून घे. तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग पाच वर्षे दावा केलेला नसेल तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट मिळते, आणि ते पत्र तीन वर्षे चालते. शोरूममधला माणूस विम्याचा कागद पुढे सरकवताना याचा उल्लेख बहुधा करणार नाही. गाडीचा ताबा घेण्याआधी दिवसाउजेडी एकदा जाऊन चासी क्रमांकाच्या पट्टीवरचा उत्पादनाचा महिना आणि टायरच्या कडेवरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा शिक्का बघून ये, आणि मगच उरलेले पैसे भर. खांबांमधले अंतर मोजून झाले की आकडा मला कळव.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
काका