वस्तीत गोळ्यांची नशा वाढू नये म्हणून रहिवाशांना काय करता येईल?

तुमच्या वस्तीतली काही मुलं झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांच्या नादी लागली आहेत, आणि पोलिसांत तक्रार करण्यापलीकडे रहिवाशांनी काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी फार्मासिस्ट आहे. सुरुवात प्रत्येकाने आपल्या घरातल्या औषधांच्या कप्प्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

हा विषय निघाला की सगळ्यांना चोरून गोळ्या विकणारा आठवतो. तो असतोच. पण अमेरिकेतल्या सरकारी सर्वेक्षणांत वर्षानुवर्षं हेच दिसून आलंय की वेदनाशामकांचा गैरवापर करणाऱ्या बहुतेकांना त्या गोळ्या मित्र-नातेवाइकांकडून किंवा डॉक्टरांच्याच चिठ्ठीवर मिळालेल्या असतात. घरात कुणाचं ऑपरेशन होतं, ट्रामाडॉल किंवा कोडीनसारखं सवय लावणारं वेदनाशामक येतं, चार दिवसांत दुखणं कमी होतं आणि उरलेल्या गोळ्या कप्प्यात पडून राहतात. पुढे कुणाची पाठ धरली की त्यातलीच एक मायेने पुढे केली जाते. घरातल्या मुलालाही ती कुठे ठेवलीय हे ठाऊक असतं, आणि किती उरल्यात हे कुणीच मोजलेलं नसतं.

म्हणून मोजा. अशा गोळ्या कुलपात ठेवा, पाकिटावर संख्या लिहा आणि गरज संपली की घरात ठेवू नका. औषध दुकान किंवा रुग्णालय परत घेत असेल तर उत्तम. तशी सोय नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून मातीत कालवा, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाका आणि चिठ्ठीवरचं नाव खोडा. फेंटानिल या अतिशय तीव्र वेदनाशामकाच्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्यांबाबत मात्र जास्त जपा. वापरून काढलेल्या पट्टीतही लहान मुलाच्या जिवावर बेतेल एवढं औषध उरलेलं असतं, त्यामुळे तिचं काय करायचं हे ती देणाऱ्यालाच विचारा.

दुसरं काम डॉक्टर आणि दुकानदारांशी बोलण्याचं. गैरवापर काउंटरवर ओळखू येतो. घड्यांवर झिजलेली जुनीच चिठ्ठी, दहाचे चाळीस केलेला आकडा, महिन्याच्या गोळ्या पंधरवड्यात संपल्याची सबब. चिठ्ठीवर तारीख आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या लिहायची, एवढं परिसरातल्या सगळ्या दुकानांनी मिळून ठरवलं तरी बराच फरक पडतो. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: इतक्या गोळ्या खरंच लागतील का? फक्त ज्याला कॅन्सरच्या वेदना आहेत, त्याच्या औषधावर या मोहिमेत कुणी बोट ठेवू नये. त्याला ते मिळालंच पाहिजे.

आणि ज्यांना सवय लागलीच आहे, त्यांचं काय? इथे बहुतेक मोहिमा फसतात. अमेरिकेत २०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय वेदनाशामक गोळीची घडण बदलली, ती चुरडून नाकाने ओढणं किंवा टोचून घेणं अवघड झालं. गोळीचा गैरवापर घटला, पण आधीच अडकलेले अनेक जण हेरॉइनकडे वळले. पुरवठा तोडताना उपचाराची वाट उघडी नसेल तर माणूस त्याहून वाईट गोष्टीकडे जातो.

घरचे रागाच्या भरात सगळ्या गोळ्या फेकून देतात, तेही करू नका. अल्प्राझोलामसारख्या चिंता कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्या बरेच दिवस घेऊन एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कधी कधी कित्येक महिने घेऊन, हळूहळू उतरवाव्या लागतात. अफूवर्गीय वेदनाशामकांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही परिणामकारक औषधं आहेत. ती घेणाऱ्याला ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असं कुणी म्हणू लागलं तर त्याला तिथेच थांबवा, कारण अशा बोलण्यामुळे लोक उपचार अर्धवट सोडतात.

वस्तीतल्या चार-पाच जणांनी नॅलोक्सोन, म्हणजे अफूवर्गीय औषधाचा असर उतरवणारं औषध, वापरायलाही शिकून घ्या. काही देशांत त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो. माणूस हाक मारून उठत नाही, श्वास अगदी मंद झालाय, ओठ निळे पडलेत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, ही अफूवर्गीय औषध जास्त झाल्याची लक्षणं. आधी रुग्णवाहिका बोलवा, फवारा मारा आणि श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. झोपेच्या गोळ्यांवर नॅलोक्सोन चालत नाही, पण काय घेतलंय ते माहीत नसेल तर द्यायला हरकत नाही. त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून तो उठून ‘मी ठीक आहे, जातो’ म्हणाला तरी रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सोडू नका.