एमओटीत नापास, पण जुनं प्रमाणपत्र शिल्लक

प्रश्न : लेस्टरला राहतो. गाडीची एमओटी (ब्रिटनमधली सक्तीची वार्षिक वाहन तपासणी) 20 नोव्हेंबरला संपते. 25 ऑक्टोबरलाच तपासणी करून घेतली आणि गाडी नापास झाली. जुनी मुदत संपेपर्यंत चालवू का?

उत्तर : नापासाच्या कागदावर दोष कोणत्या गटात टाकलेत ते आधी पाहा. एकही दोष 'डेंजरस' (धोकादायक) असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवायची नाही; दुसऱ्या गॅरेजला न्यायची तर टो करून. इथे जुनी तारीख उपयोगाची नाही.

सगळे दोष 'मेजर' (गंभीर, पण 'डेंजरस'पेक्षा खालचे) असतील, तर जुनं प्रमाणपत्र 20 नोव्हेंबरपर्यंत लागू राहतं. लवकर तपासणी केली म्हणून ते रद्द होत नाही; रद्द होतं, हा गैरसमज मात्र फार पसरलाय. तरीही गाडी रस्त्यावर सुरक्षित असणं ही कायद्याची वेगळी अट आहे. धोकादायक अवस्थेत चालवताना सापडलात, तर 2,500 पौंडांपर्यंत दंड, लायसन्सवर 3 पेनल्टी पॉइंट आणि गाडी चालवायला बंदीही येऊ शकते. वर 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय नाही, दोष लेखी हातात आहेत! 20 तारखेनंतर गाडी फक्त दुरुस्तीला किंवा आधी ठरवलेल्या तपासणीला नेता येते.

दुरुस्तीसाठी गाडी त्याच केंद्रावर ठेवलीत, तर अंशतः फेरतपासणी (फक्त नापास झालेल्या भागांची) मोफत होते. बाहेर नेलीत, तर 10 कामकाजाच्या दिवसांत परत आणा. सहसा अंशतः फेरतपासणीचं कमी शुल्क पडतं.